पंतांचे हात

पंत गेल्याचा फोन देवासहून आला तेव्हा मी मोरीत नळ खोलून बसलो होतो. त्यांची मुलगी शैला बोलत होती. "काका, बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मी म्हटलं, "अरे." मग म्हटलं, "वायसर झिजला तर उलटा करून घालायचा, असंच सांगायचे ना ते?"

माणूस मेल्याचं कळल्यावर कोणी असं विचारतं का? पण मी विचारलं खरं.  शैला म्हणाली, "हो काका. उलटा करून. अजून सहा महिने चालतो." आणि रडायला लागली. मी वायसर उलटा करून घातला. नळ थांबला. मग मला कळेना, आता काय करायचं.

दिवसकार्य झाल्यावर शैलाच म्हणाली, "बाबांवर दोन पानं लिहून द्या, आपल्या मराठी समाजाच्या अंकात देऊ." मी आठवी शिकलेला. सगळी हयात पीथमपुरात लेथवर गेली. लिहिणं माझं काम नाही. शिवाय पंतांविषयी मला काय वाटतं हेच मला अजून धड कळलेलं नाही. तीस वर्षांच्या वर ते आमचे शेजारी होते. त्यातली बहुतेक वर्षं मी त्यांच्यावर रागावून काढली. तो राग आता कुठे नेऊन टाकायचा, हे मला सांगणारं कोणी नाही. म्हणून लिहितो.

धारमध्ये त्यांना सगळे पंतच म्हणायचे. आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, तेव्हापासून त्या घराला हे नाव चिकटलेलं. स्वतः पंत सरकारी शाळेत मास्तर. शाळेत विज्ञान हिंदीतून शिकवायचे आणि घरी असलं जुनं मराठी बोलायचे की मी खानदेशातून आलेला माणूस, निम्मं मला कळायचं नाही. मला 'भास्करराव' म्हणायचे, माझ्या बायकोला, सुमनला, 'वहिनी'. शैला लहान असतानाच त्यांची बायको वारली होती. पोरीला त्यांनी एकट्याने वाढवलं.

दिसायला उंच, किडकिडीत. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा. आणि दोन्ही हात पाठीमागे, बोटांत बोटं अडकवलेली. कायम. चालताना, उभं राहताना, कोणाशी बोलताना. शाळेची तपासणी करायला साहेब आलाय असं वाटावं. मी मनातल्या मनात त्यांना तपासनीसच म्हणायचो.

आमची ओळख पंक्चरवर झाली. मी नवीनच धारला बिऱ्हाड केलं होतं. कंपनीची बस पहाटे चौकातून सुटायची आणि चौकापर्यंत मी सायकलने जायचो. एके दिवशी सुट्टीच्या सकाळी चाक खाली बसलेलं. मी टायर ओढायला सुरुवात केली तर दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीपलीकडून आवाज आला, "भास्करराव, आधी वालला थुंकी लावा."

मी म्हटलं, "काय?"

"बोटावर थुंकी घ्या आणि हवा भरायच्या वालच्या तोंडाला लावा. बुडबुडा आला तर वालची रबरी नळी गेली. ट्यूब चांगली आहे. उगाच टायर उघडाल."

एवढा ब्राह्मण माणूस सकाळी सकाळी मला थुंकायला सांगतोय. मी थुंकी लावली. बुडबुडा आला नाही.

"नाही आला? आता उघडा. पाना लावू नका, ट्यूबला चावतो. चमच्याची दांडी घ्या, वहिनींना मागा. हां. ट्यूब पाण्यात घाला. सापडलं? तिथे खूण करा. थांबा, ठिगळ नंतर. टायरच्या आतून बोट फिरवा. सावकाश फिरवा, काटा तिथेच असेल, तुमचीच वाट बघत."

बाभळीचा काटा होता. माझ्या बोटात घुसला तेव्हा सापडला. मी चांगलाच वैतागलो. सगळं काम मी करतोय, हात माझे काळे, बोट माझं रक्ताळलेलं, आणि हा माणूस भिंतीपलीकडे हात मागे बांधून उभा. ट्यूब धरायलासुद्धा पुढे आला नाही. मी सुमनला म्हटलं, "सांगायला काय जातं? हात लावला तर विटाळ होत असेल." ती म्हणाली, "काटा निघाला ना?" ती असंच बोलायची. अर्ध्यावर.

गल्लीत सगळ्यांचा हाच अनुभव. कपड्यांची प्रेस असो, कुकर असो, दरवाजाची कडी असो, पंतांना विचारलं की उपाय मिळायचा. पण फक्त तोंडी. कुकरची शिट्टी अडकली? सुई नको, केरसुणीची काडी घाला. दार घासतंय? रंधा नंतर, आधी बिजागरीचा वरचा स्क्रू बघा, तोच ढिला असतो. भोक मोठं झालंय? काडेपेटीच्या दोन काड्या मोडून भोकात घाला, मग स्क्रू पिळा. चेन वाजते? तेल बाहेरून ओतू नका, धूळ खाईल. आतल्या बाजूने एकेक थेंब, आणि वरून फडक्याने कोरडी पुसा. हे सगळं आता मला पाठ आहे. तेव्हा मी ऐकत नव्हतो असं मला वाटायचं, पण ऐकत होतो बहुतेक.

बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे रामेश्वरचं. तो पंतांचा विद्यार्थी. पंत दुकानावरून गेले की ओरडायचा, "पंत साब! मुँह से पंचर जोड़ने वाले आ गए, भिया, दुकान बंद करो!" पंत न थांबता म्हणायचे, "तेरा पाना उल्टा पकड़ा है, रामेश्वर." आणि तो खरंच उलटा असायचा. एकदा रामेश्वर मला म्हणाला, "सर ने पूरे साल में एक दिन भी बोर्ड पे नी लिखा. हमसे ही लिखवाते थे. बोलते थे, जो लिखेगा वो सीखेगा." मी म्हटलं, आळशी असतील. तो म्हणाला, "नी भिया, आलसी नी थे."  तेव्हा आम्हाला काही कळायला हवं होतं का? डोळ्यांसमोर होतं सगळं.

आता चहाचं सांगतो, कारण माझा राग चहाचा होता.

पंत आमच्या घरी चहा प्यायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. यायचे, उभ्या उभ्या बोलायचे, जायचे. दसऱ्याला सोनं द्यायला मी गेलो तर म्हणायचे, "देवापुढे ठेवा." हातात घ्यायचे नाहीत. सुमन पोरांच्या वाढदिवसाला वाटी पाठवायची ती शैला घ्यायची. मी शेतकऱ्याच्या घरचा. लहानपणी गावात कोणाच्या ओसरीवर आम्ही कुठवर जायचं हे ठरलेलं असायचं, ते मी विसरलो नव्हतो. मी कारखान्यात चांगल्या चांगल्या लोकांबरोबर एका डब्यात जेवलोय. आणि हा शेजारचा माणूस मला थुंकी लावायला सांगतो, पण माझ्या घरचा घोटभर चहा त्याला चालत नाही. मला ते लागलं. साधं नाही, चांगलं खोल लागलं.

आणखी एक होतं. आमच्या मांडणीवर सगळ्यात वरच्या फळीवर एक पितळी पेला असायचा, जड बुडाचा, वेगळा ठेवलेला. एकदा मी दुपारपाळी चुकवून लवकर घरी आलो, तर तो पेला मोरीपाशी पालथा. मी विचारलं, "हा कोणाचा?" सुमन म्हणाली, "पंतांचा." म्हणजे मी नसताना ते येतात, आणि त्यांच्यासाठी माझ्या घरात सोवळ्याचा वेगळा पेला! मी तो उचलला आणि अंगणात भिरकावला. दगडावर आपटला, एका अंगाला चेपला.  दुसऱ्या दिवशी बघतो तर पेला फळीवर. तिने आतून लाटण्याचं टोक लावून, खाली पोतं धरून, ठोकून ठोकून पोचा काढला होता. बारीक वळ तेवढा राहिलेला. आम्ही दोघंही पुढे त्यावर काही बोललो नाही. आमचा संसार असाच चालला; बोललो असतो तर बरं झालं असतं का, कोणास ठाऊक.

तिला सायकल त्यांनीच शिकवली होती. म्हणजे चालवायला नव्हे. चालवायची ती आधीपासून. लेडीज सायकल, हिरवी, पुढे टोपली. दुरुस्ती शिकवली. मला ते फार उशिरा, असंच एकदा दिसलं. मी सकाळपाळी करून आलो तर अंगणात सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी. सुमन जमिनीवर बसलेली, हातात तारा पिळायची बारीक चावी. पंत स्टुलावर, हात मागे, डोळे मिटलेले. ती चाकाची एकेक तार नखाने छेडत होती. टंग, टंग, टंग, टक्.

"ती," पंत डोळे न उघडता म्हणाले. "ती सैल आहे. पाव आटा. जास्त नाही वहिनी, पाव."

तिने पाव आटा पिळला. टंग.

"आता चाक फिरवा. उजवीकडच्या ब्रेकच्या गुटक्याला घासतंय? मग डावीकडच्या तारा आवळा, उजवीकडच्या सोडा. दोघांना सारखंच द्यायचं."

सुमन हसत होती. घामाने कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, गालाला ग्रीस. मी दारात उभा. मला काय वाटलं ते आठवत नाही. मी म्हटलं, "चहा झाला का?" ती उठली. पंतही उठले, हात मागे, भिंतीपलीकडे गेले. चाक बराच वेळ एकटंच फिरत होतं.

मी चारचौघांत सांगायचो, आमच्या घरात वस्तू बिघडत नाहीत. खरंच बिघडत नव्हत्या. मिक्सर, पंखा, स्टोव्ह, नळ. मला वाटायचं मी चांगल्या बघून आणतो म्हणून.

पंत निवृत्त झाले, म्हातारे झाले, आणि चार वर्षांपूर्वी शैला त्यांना देवासला घेऊन गेली. जावई तिथे एका कंपनीत आहे. जाताना टेम्पोत त्यांनी सामानाबरोबर आपली काळी सायकलही चढवायला लावली. सुमनने बांधली ती, दोरीच्या गाठी तिनेच मारल्या. पंत बाजूला उभे राहून सांगत होते, चेनच्या बाजूने नको, उलट्या बाजूने.

पुढे दोन वर्षांत सुमन गेली. कार्तिकात. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. तेराव्याला पंत देवासहून आले. उपरण्याखाली हात घेऊन कोपऱ्यात बसले. पंगत बसली तेव्हा मी स्वतः जाऊन म्हटलं, "पंत, पान वाढलंय." ते म्हणाले, "भास्करराव, मला राहू द्या." मी म्हटलं, "आज तरी?"  ते उठून अंगणात गेले. मी खिडकीतून पाहिलं तर सुमनच्या सायकलीपाशी उभे होते आणि गुडघ्याने टायर दाबून बघत होते. हवा आहे की नाही. माणूस गेलंय, घरात पान वाढलंय, आणि हा हवा बघतोय. मी ठरवलं, मेलो तरी या माणसाचं तोंड बघणार नाही.

मग वस्तू बिघडायला लागल्या.

आधी पंखा, मग मोरीचा नळ, मग गॅसच्या शेगडीची एक बाजू. एकाच वर्षात सगळ्या. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "पप्पा, नया ले लो ना." त्याला मराठी वाचता येत नाही, बोलतो त्यातही निम्मं हिंदी. मी म्हणायचो, यांना एकदम काय झालं? मला खरंच कळत नव्हतं. शेगडी खोलली तर आत बर्नरच्या खाली पत्र्याची एक चकती बसवलेली, कातरीने कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेली. कंपनीची नव्हती ती. कोणीतरी हाताने केलेली. मी ती हातात घेऊन बसलो. मी लेथवरचा माणूस, कडा कशी घासलीय हे मला कळतं. पंतांचं काम, मी म्हटलं. माझ्या पाठीमागे येऊन करायचे आणि वर माझा चहा चालायचा नाही. माझा राग आणखी वाढला.

यंदा सुमनची पहिली अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात नवमीला सवाष्ण जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. आदल्या वर्षी वर्षश्राद्ध व्हायचं होतं म्हणून राहिलं. सवाष्ण म्हणून मी कमलाला सांगितलं. ती गल्लीच्या टोकाला राहते, अंगणवाडीत स्वयंपाक करते, रोज जाऊन-येऊन तीन कोस चालते. सुमनने तिला सांगून ठेवलं होतं, माझ्यानंतर सायकल तुझी. कमलाने ते कधी मागितलं नाही. मीच म्हटलं, नवमीला साडीबरोबर सायकल देतो. आणि देतो म्हटल्यावर चालती द्यायला हवी. बाईच्या नावाने मोडकी वस्तू दिली तर ती तिला पोचेल कशी?

सायकल धुतली, हवा भरली, फिरवून पाहिली. चालत होती, पण पायडलच्या दर फेऱ्याला एक आवाज. कट्. कट्. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सुमन गल्लीत वळली की ऐकू यायचा. मी म्हटलं, डावं पायडल गेलंय. काढून बघू. पाना लावला आणि सोडायला म्हणून डावीकडे फिरवला. हलेना. पान्याला लोखंडी नळी अडकवून लांब केला आणि सगळा जोर लावला. कर्रकन आवाज झाला, आणि पायडल ज्या दांड्याला असतं त्या दांड्यातले आटे भुगा होऊन बाहेर आले.

नवमी चार दिवसांवर. रामेश्वरने दांडा काढून बघितला आणि कपाळाला हात लावला. "दांडा नया लगेगा, भिया." पण पितृपक्षात नवं लोखंड घरात आणत नाहीत. सुमन हे फार पाळायची. साधी खिळ्यांची पुडी आणू द्यायची नाही. आता तिच्याच नवमीला तिचाच नेम मोडायचा? जुना दांडा या मापाचा रामेश्वरकडे नव्हता. तो म्हणाला, "पंत साब की साइकल में येई दांडा है." मी म्हटलं, नाव काढू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदूरच्या बसमध्ये बसलो, तिथून देवासची बस. पिशवीत मोडका दांडा, पाना, हातोडी.

शैलाचं घर टेकडीच्या खालच्या वस्तीत आहे. ती मला बघून गडबडली. पंत ओसरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर शाल, शालीखाली हात. फार वाळले होते. मी नमस्कार-चमत्कार न करता दांडा समोर ठेवला.

त्यांनी वाकून बघितलं. "डावा?"

"डावा."

"कुठे फिरवलात?"

"डावीकडे. सोडायला डावीकडेच फिरवतात."

"भास्करराव," पंत म्हणाले, "तीस वर्षं आटे पाडलेत ना हो तुम्ही?"

मी म्हटलं, "हो. मग?"

"डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नाहीतर चालवता चालवता सुटून पडेल. उजवं सरळ, डावं उलटं. तुम्ही सोडत नव्हता, आवळत होता."

मला जमिनीत जावंसं वाटलं. उलटे आटे मी कारखान्यात हजार पाडले असतील.

"आणि पायडल काढलंतच कशाला?"

"आवाज होता. कट्."

"चालती सायकल असताना पाय थांबवले की आवाज थांबायचा?"

"थांबायचा."

"म्हणजे चाकात नाही. सीटवरून उठलात तरी यायचा?"

"यायचा."

"एका फेऱ्याला एकदाच?"

"एकदाच."

"मग कॉटर," ते म्हणाले. दांडा आसाला घट्ट धरते ती पाचर. "कॉटर सैल होता. वर दोन हातोड्या मारून नट आवळायचा, झालं. वहिनी दर श्रावणात मारायच्या, पुन्हा सैल व्हायचा. पायडलला हात लावायचं कामच नव्हतं."

 मी म्हटलं, "तुमच्या सायकलीचा दांडा हवाय. नवमीला द्यायचीय तिची सायकल. नवं आणता येत नाही."

"न्या," पंत लगेच म्हणाले. "माझी आता कुठे चालायचीय. बाहेर उभी आहे. पण काढायचा तुम्हीच."

"ते माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही कशाला हात लावाल."

शैला आत चहा ठेवत होती, ती थांबली असं वाटलं. पंत नुसते हसले.

काळी सायकल ओसरीच्या पायरीशी होती. कॉटर गंजून बसला होता. पंत खुर्चीतून सांगत होते. "नट पूर्ण काढू नका, कॉटरच्या टोकाशी बरोबरीला येईल एवढाच सोडा, म्हणजे मार नटावर बसेल आणि आटे वाचतील. लाकडाचा तुकडा मध्ये ठेवा. एकदाच मारा, पण मारल्यासारखं. नाही हलला? रॉकेल सोडा. आता थांबा. मुरू द्या."

तेवढ्यात शैलाने चहा आणला. एक कप माझ्यापुढे ठेवला आणि एक जड बुडाचा पेला पंतांच्या जवळ स्टुलावर. अर्धाच भरलेला. कोणीतरी दार वाजवलं म्हणून ती बाहेर गेली. पेल्यातून वाफ येत होती. पंत त्याच्याकडे बघत होते, उचलत नव्हते.

"गार होतोय," मी म्हटलं.

"हो."

"घ्या की."

त्यांनी शालीतून हात बाहेर काढले. सायकलच्या हँडलवर आवळलेले सोडले तर तीस-बत्तीस वर्षांत मी ते हात समोरून पहिल्यांदा बघितले. थरथरत होते. थंडीने थरथरतात तसे नाही. पंख्याला बांधलेल्या कागदासारखे. त्यांनी ते परत शालीत घेतले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कळायला लागल्यापासून. वडिलांचेही असेच होते. मुलांसमोर खडू धरता यायचा नाही. कोणाच्या घरी कप धरला की वाजायचा, लोक हसू दाबायचे. मग सोडूनच दिलं."

"म्हणजे आमच्याकडे..."

"वहिनींनी एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी जड पेला काढला. दोन्ही हातांत धरता येतो. अर्धा भरायच्या."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"मी शपथ घातली होती त्यांना." मग म्हणाले, "तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं तुम्हाला तेवढा फरक पडत नसेल."

 रागावलो होतो तो कोणावर, तेच हाती लागेना. मी एकदम विचारलं, "शेगडीत चकती कोणी बसवली?"

"कुठली चकती?"

"पत्र्याची. कडा घासलेली. बर्नरखाली."

"मी पत्रा कसा कापेन, भास्करराव?" पंत म्हणाले. "मी तुमच्या घरात आयुष्यात कशाला हात लावलेला नाही. उलट आमच्या घरातलं सगळं वहिनीच करायच्या. मी सांगायचो, त्या करायच्या. नंतर नंतर तर सांगावंही लागायचं नाही. मीच विचारायचो, वहिनी, हे कसं केलंत?"

बाहेर शैला कोणाशी तरी बोलत होती. पंत म्हणाले, "उचला तो पेला."

"कोणी? मी?"

"गार झाला की मला चालत नाही."

मी पेला त्यांच्या तोंडाला लावला.

"असा नाही. बूड धरा. तिरका करा. सावकाश, सावकाश. थांबा." घोट घेतला. "आता परत. पाव. जास्त नाही."

अर्धा चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. अर्धा गेला पोटात. ते म्हणाले, "वहिनी बऱ्या पाजायच्या." मी म्हटलं, "त्या सगळंच बरं करायच्या." मग आम्ही दोघंही सायकलीकडे बघत बसलो. रॉकेल मुरलं होतं. पुढच्या एका हातोडीत कॉटर निघाला. दांडा पायडलसकटच न्या म्हणाले, "तेवढा एक घोळ कमी कराल."

नवमीला कमला जेवली. ओटी भरली. साडीची घडी टोपलीत ठेवून सायकल तिच्या हातात दिली. तिने सीटवर हात फिरवला, म्हणाली, "जिजी की है, धीरे चलाऊँगी." आणि गल्लीतून गेली. मी दारात कान देऊन उभा. आवाज आला नाही. एकदाही नाही. चांगलं काम झालं होतं. पण मग मला वाटलं, तो कट् मीच घालवला. आता गल्लीत कोणी वळलं तर ते कोण, हे मला कळणार कसं? हे बरोबर केलं की चूक, मी अजून ठरवू शकलेलो नाही. पंतांना फोनवर विचारलं असतं. राहून गेलं. मग शैलाचाच फोन आला.

पितळी पेला मी वरच्या फळीवरून खाली काढलाय. त्यावरचा वळ बोटाला लागतो. त्यात मी चहा अर्धाच घेतो, का ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी देवासहून निघताना मी फाटकाशी मागे वळून पाहिलं. पंत पायरीवर येऊन उभे होते, त्यांची काळी सायकल शेजारी, एका दांड्याची. शाल खाली पडलेली. आणि त्यांचा उजवा हात समोर होता, उघडा, छातीएवढा वर. हात हलत होता. ते मला या म्हणत होते, की जा म्हणत होते, की तो हात नुसता आपला आपण हलत होता, हे मला कळलं नाही. मीही माझा वर केला.

"भास्करराव," ते ओरडले, "डावीकडचं उलटं!"

"माहीत आहे!" मी म्हटलं.